टुरिस्ट महाराज

लाँग वीकेंड जवळ आला की हापिसातल्या प्रत्येक कोल्हापूरकराला एक मेल हमखास येते. "दोन दिवस कोल्हापूर, काय काय बघू?" खरं तर विचारणाऱ्याला यादी आधीच पाठ असते. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, मिसळ, तांबडा-पांढरा, परत येताना चपला आणि गुळाची ढेप. मंडळी शनिवारी पहाटे हिंजवडीतून निघतात, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी हाकतात, रविवारी रात्री परत येतात आणि सोमवारी "रस्सा लई भारी होता" असं आपल्यालाच आपल्या भाषेत ऐकवतात.

यादीबद्दल माझी काही तक्रार नाही. मिसळीबद्दल तर नाहीच नाही. पण या यादीत एक जागा हमखास गाळलेली असते. अंबाबाईच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर, भेळेच्या गाड्यांच्या मागे. खासबाग मैदान आणि त्याला पाठ लावून उभं असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह. गावातला माणूस पाहुण्याला तिकडे भेळ खायला नेतो आणि भेळ खाऊन परत आणतो.

गंमत अशी की ही जागा उभी राहिली तीच मुळी एका माणसाच्या साइटसीइंगमुळे. आपण युरोपला जाऊन फ्रिजवर लावायचं मॅग्नेट आणतो. या माणसाने आखाडा आणला.

पण त्याच्याआधी एक दुसरा प्रवासी सांगायला हवा, कारण कोल्हापूरच्या राजघराण्याने युरोप पूर्वीही पाहिला होता, आणि पहिल्यांदा फार वाईट शेवट झाला.

१८७० साली कोल्हापूरचे तरुण राजे राजाराम महाराज इंग्लंडला गेले. वय वीस. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला असतात ते वय. समुद्र ओलांडायचा की नाही यावर तेव्हा घराघरात वाद होत, अशा काळात हा मुलगा लंडनला गेला, व्हिक्टोरिया राणीला भेटला, हिंडला, आणि रोज इंग्रजीत डायरी लिहीत राहिला. ती डायरी कॅप्टन वेस्ट या त्यांच्यासोबतच्या अधिकाऱ्याने १८७२ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापली. परतीच्या वाटेवर इटलीत त्यांची तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये ते वारले.

आता आली का पंचाईत. तेव्हाच्या युरोपात माणसाला जाळायची पद्धतच नव्हती. शेवटी तिथल्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या अंधारात, हिंदू पद्धतीने दहन झालं. पंचगंगेच्या काठचा राजा, आणि शेवट आर्नोच्या काठी. संगमच शोधला, हे बघा. परक्या गावात, मध्यरात्री, इतकं सगळं अडलेलं असताना बरोबरच्या लोकांनी तेवढं जपलं.

१८७४ साली त्या जागी त्यांचा अर्धपुतळा आणि त्यावर छत्री उभारली गेली. ती अजून आहे. इटालियन लोकांनी त्या परिसराला 'इंदियानो' करून टाकलं. १९७० च्या दशकात जवळच बांधलेल्या मोठ्या पुलाचं नावही 'पोंते आल्लिंदियानो', म्हणजे त्या हिंदी माणसाचा पूल. आमच्या गावात किती जणांना ही गोष्ट ठाऊक आहे, विचारू नका.

छत्रीचं डिझाइन केलं मेजर चार्ल्स मँट या इंजिनिअरने. ओळखीचं वाटलं नाव? न्यू पॅलेसच्या दारात गाइड हेच नाव घेतो. कोल्हापूरचा टाउन हॉल (१८७२ ते १८७६) मँटचा, न्यू पॅलेस (१८७७ ते १८८४) मँटचा, बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडाही मूळचा त्याचाच. पॅलेस पुरा व्हायच्या आधीच, १८८१ साली, तो वारला. प्रोजेक्ट गो-लाइव्ह होण्याआधी आर्किटेक्ट गेला, असं आपल्या भाषेत. तर पुढच्या वेळी न्यू पॅलेसच्या घड्याळाखाली फोटो काढताना लक्षात असू द्या, की हाच हात फ्लॉरेन्समधल्या त्या छत्रीवरही फिरलाय.

राजारामांनंतर गादीवर आलेल्या चौथ्या शिवाजींची गोष्ट आणखी काळी आहे. अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांना वेडे ठरवून ठेवलं होतं आणि १८८३ मध्ये तिथेच झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. त्यावर वेगळं लिहायला हवं. मग १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंत नावाचा नऊ वर्षांचा मुलगा दत्तक आला. हेच शाहू महाराज.

२ एप्रिल १८९४ ला त्यांच्या हाती कारभार आला. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी हिंदुस्थानातल्या राजांना आमंत्रणं गेली, त्यात शाहू होते. वय अठ्ठावीस. माझ्या टीममधल्या बहुतेकांचं वय. आपल्याला तेवढ्यात ऑनसाइट मिळते.

सोहळा ठरला होता २६ जूनला, म्हणजे नेमका शाहूंच्या वाढदिवशी. पण दोन दिवस आधी राजाचं अपेंडिक्स बिघडलं, ऑपरेशन करावं लागलं आणि कार्यक्रम ढकलला गेला तो ९ ऑगस्टला. (९ ऑगस्ट ही तारीख लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.) जगभरातून आलेले राजेरजवाडे लंडनमध्ये अडकून पडले. जयपूरच्या महाराजांची गोष्ट प्रसिद्ध आहे. ते येताना गंगाजल भरलेले चांदीचे राक्षसी हंडे जहाजातून घेऊन आले होते, बाटू नये म्हणून. ते हंडे जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आजही पर्यटक बघतात.

शाहू महाराज इंग्लंडमध्ये असतानाच, २६ जुलै १९०२ ला, कोल्हापूरच्या गॅझेटमध्ये त्यांचा एक हुकूम छापून आला. संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायच्या. सगळ्या देशात पुढे ज्यावर वाद व्हायचे होते तो विषय कोल्हापुरात ५० टक्क्यांपासून सुरू झाला, आणि राजा त्या वेळी परदेशी. त्याच दौऱ्यात केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही मानद पदवी दिली.

आणि याच दौऱ्यात त्यांनी रोम पाहिलं.

खासबागेबद्दल कोणालाही विचारा, उत्तर एकच. "महाराजांनी रोममधलं बघून तसंच हितं बांधलं." टुरिझमच्या पत्रकांतही हेच असतं, फक्त भाषा बरी असते. बांधकाम १९०७ ते १९१२. पण 'तसंच' या शब्दावर जरा थांबूया. कारण तसंच नाहीये ते, आणि फरक बघण्यासारखा आहे.

कलोझियम इसवी सन ८० मध्ये खुलं झालं. उद्घाटनाचे खेळ शंभर दिवस चालले. बघायला काय, तर माणसं माणसांना मारतायत आणि जनावरं माणसांना. बसायची व्यवस्था काटेकोर होती. सगळ्यात पुढे सिनेटर, त्यांच्यामागे सरदार, मग साधे नागरिक आणि सर्वांत वर, लांब, गरीबगुरीब आणि बायका. तुम्ही समाजात कुठे आहात ते तुमच्या जागेवरून कळायचं. खेळ बघायला गेलेला माणूस स्वतःची पायरी बघून परत यायचा.

शाहूंनी त्यातला आकार घेतला. मधोमध गोल हौद, चहूबाजूंनी उतरत येणारी बैठक. डोक्यावर छप्पर नाही. कुठेही बसा, लाल मातीवरची दोन माणसं स्वच्छ दिसतात. माणूस मरायचा भाग मात्र गाळला. कुस्तीत हरलेला मल्ल पाठीची माती झटकून उठतो आणि जिंकलेल्याच्या हातात हात देतो. म्हणजे स्पेसिफिकेशन उचललं, पण आपल्या युजरप्रमाणे बदलून. कॉपी-पेस्ट नाही. कॉपी-पेस्ट केलं असतं तर ते चाललंही नसतं, कारण इथला युजर तालमीतला होता. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, पेठेपेठेतल्या तालमी. तालीम म्हणजे फक्त जिम नव्हे. भांडण तिथे मिटायचं, गणपती तिथे बसायचा. (पुढे फुटबॉलची टीमसुद्धा तालमीचीच. 'पाटाकडील तालीम' हा फुटबॉलचा संघ आहे, हे पुण्यातल्या मित्रांना पटवून देता देता मी दमतो.)

शाहू स्वतः कुस्ती खेळलेले, अंगापिंडाने आडदांड. त्यांना संत करायची मला हौस नाही. हत्तींच्या साठमारीचाही त्यांना शौक होता, चित्त्यांकरवी हरणाची शिकारही ते करायचे, आणि या दोन्ही गोष्टी आज कोणी केल्या तर आपण पेटिशनवर सह्या करू. पण साठमारीत राजा वर बसून बघतो आणि रयत खाली जीव मुठीत धरून पळते. खासबागेत रयत बसून बघते. हा फरक मला मोठा वाटतो.

पहिल्या मैदानात गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन लढले. इमामबक्षने कुस्ती मारली. पंजाबातले मल्ल कोल्हापूरच्या मातीत, आणि ती माती म्हणजे नुसती माती नव्हे. तेल, ताक, लिंबू, हळद घालून मळलेली. वासच वेगळा असतो. मैदानाच्या दिवशी दुपारपासून हलगी सुरू होते, आधी पोराटोरांच्या कुस्त्या, मग जोड चढत चढत जातात, आणि शेवटची मोठी कुस्ती लागेपर्यंत उन्हं उतरलेली असतात. मल्ल हौदात उतरतो, चिमूटभर माती कपाळाला लावतो, आणि तोवर बोलत असलेला सगळा घेर एकदम गप्प होतो. मी हे लहानपणी बाबांच्या खांद्यावरून बघितलंय. टीव्हीवर ते येत नाही.

या वातावरणातूनच पुढे खाशाबा जाधव आले. मूळ कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकायला राजाराम कॉलेजला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि हे राजाराम कॉलेज कोणत्या राजारामांच्या नावाचं? फ्लॉरेन्समध्ये वारलेल्या त्या वीस वर्षांच्या मुलाच्या.

तर आता नाट्यगृह.

खासबाग पुरी झाल्यावर लगेच तिच्या शेजारी 'पॅलेस थिएटर' उभं राहिलं, १९१३ ते १९१५. शेजारी म्हणजे अगदी पाठीला पाठ. एका अंगाला मातीत घुमणारे मल्ल, दुसऱ्या अंगाला नांदी. जगात दुसरीकडे कुठे राजाने कुस्ती आणि संगीत नाटक असं एकाच प्लॉटवर बसवलंय का, मला माहीत नाही, पण कोल्हापूरचा स्वभाव एका नकाशात दाखवायचा तर हाच नकाशा. आमच्याकडे पैलवान माणूस नाट्यसंगीत ऐकतो आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. आत मधे खांब नव्हते, त्यामुळे मागच्या रांगेतल्यालाही रंगमंच दिसायचा. पुन्हा तीच खासबागेची अट: कुठेही बसा, दिसलं पाहिजे.

हे थिएटर १९५७ मध्ये ज्यांच्या नावाचं झालं ते केशवराव भोसले कोल्हापूरचेच. जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहान वयात नाटक कंपनीत गेले, 'शारदा'तल्या भूमिकेने पोरवयातच नाव झालं, आणि १९०८ साली हुबळीत 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली तेव्हा वय होतं सतरा. स्टार्टअपवाल्यांनी नोंद घ्यावी. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. एकतीस वर्षांचे होते. पुढच्या मे महिन्यात शाहू गेले, अठ्ठेचाळीसही पुरी झाली नव्हती. या गोष्टीतली सगळीच माणसं घाईत होती असं वाटतं.

नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे आतेमामेभाऊ कॅमेऱ्याच्या नादाला लागले. आनंदराव १९१६ मध्ये वारले, बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. त्यांच्याच हाताखालचे शांताराम, दामले, फत्तेलाल बाहेर पडले आणि १ जून १९२९ ला कोल्हापुरातच 'प्रभात' सुरू झाली. 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट, इथला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. (हुशार मंडळी पुण्याला जाण्याची परंपरा जुनी आहे. आम्ही फक्त पुढे चालवतोय.) हा विषय एवढा मोठा आहे की इथे नुसता हात लावून सोडतो.

गाण्याचंही तेच. शाहूंनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून ठेवलं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी चढवली, त्यात हिंदुस्थानी संगीताचा एकच तुकडा आहे, केसरबाईंची भैरवी. यान आता आंतरतारकीय अवकाशात गेलंय. साइटसीइंगचा विषय निघालाच आहे म्हणून सांगितलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री मी पुण्यात होतो. मित्रांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आधी वाटलं कुठला तरी कारखाना. मग कमानी ओळखू आल्या. घरी फोन लावला तर बाबा एवढंच म्हणाले, "थेटर गेलं रे." रंगमंच, छत, खुर्च्या, सगळं. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. रात्र उलटली तेव्हा तारीख होती ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. त्या दिवशी कोल्हापूरचे कलावंत नाट्यगृहासमोर जमले ते असे.

कोल्हापूरला हे नवीन नाही, असं म्हणणं दुष्टपणाचं वाटेल, पण खरं आहे. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला होता. 'मीठभाकर' तयार होता, तोही जळाला. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ उभा केला आणि तोच सिनेमा पहिल्यापासून पुन्हा काढला. बॅकअप नसताना.

नाट्यगृह पुन्हा बांधायचं काम आगीनंतर हाती घेतलं गेलं. 'जसं होतं तसं' असा शब्द दिला गेला आणि गावाचीही मागणी तीच. मला इथे पुन्हा तो 'तसंच' शब्द खटकतो. तसंच म्हणजे कसं? १९१५ सारखं? की मधल्या काळात दुरुस्त्या होत होत आपण ज्याला जुनं समजायला लागलो तसं? दगड तसेच रचता येतील. पण माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचायचा ते गणित कुठल्या कंत्राटात लिहितात? आणि आगीचं काय, दारं किती, पाणी कुठून, वायरिंग कोण तपासणार? १९१५ मध्ये हे प्रश्न नव्हते. रोमचा आराखडा बदलून घेणाऱ्या माणसाच्या इमारतीत बदल करायला भ्यायचं कारण नाही. बदलताना 'कुठेही बसा, दिसलं पाहिजे' ही अट तेवढी सांभाळली, म्हणजे झालं. कॉर्पोरेट बॉक्स आणि व्हीआयपी सोफे घालून पुढच्या चार रांगा अडवल्या, तर मात्र ते खरोखरच रोमसारखं होईल.

तेव्हा मेल पाठवणाऱ्यांसाठी थोडक्यात. शनिवारी सकाळी अंबाबाई करा, तिथून चालत खासबाग. फाटक उघडं असेल तर आत जा, वरच्या कडेला बसा, पाच मिनिटं काही बोलू नका. भेळ नंतर. दुपारी न्यू पॅलेसला जालच, पण त्याआधी टाउन हॉलमधलं म्युझियम चुकवू नका. कोणी बघत नाही असं एक कपाट आहे तिथे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला, आणि त्यात वीतभर उंचीची एक देखणी मूर्ती होती. पॉसिडॉन, ग्रीकांचा समुद्रदेव. सातवाहनांच्या काळात रोमन व्यापाऱ्यांच्या जहाजातून कोकणच्या बंदरात आणि तिथून घाट चढून कोल्हापुरात आलेला.

शाहूंच्या हयातीत तो जमिनीखालीच होता. महाराज रोम बघायला गेले, तेव्हा रोम पंचगंगेच्या काठी मातीत पडलं होतं.